जीवशास्त्र विभाग : वापरण्यापूर्वी वाचावे

अभिनंदन. पात्रता परीक्षा झाली, मुलाखत झाली, मूळ प्रमाणपत्रांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सवर शिक्का बसला, आणि आता विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात संशोधन करायला आपण मोकळे झालो, असे तुम्हाला वाटू लागले आहे. ही अवस्था साधारण पंधरवडाभर टिकते. ती लवकर संपावी आणि पुढची तीन ते सहा वर्षे (यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.ची मुदत एवढी आहे) सुखाने जावीत, म्हणून ही मार्गदर्शिका. तिचे काटेकोर पालन केल्यास यश हमखास. यश म्हणजे काय, ते गुणांच्या तक्त्यात पुढे येईलच.

सर्वप्रथम विभाग शोधा. जीवशास्त्र या नावाचा विभाग आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत नसतो. वनस्पतिशास्त्र असते, प्राणिशास्त्र असते, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन आणि अलीकडे जैवतंत्रज्ञान असते, आणि प्रत्येकाची पार्किंगची जागा वेगळी असते. युग्लीना नावाच्या एकपेशीय जीवाची यात फार ओढाताण होते. हरितद्रव्य आहे म्हणून वनस्पतिशास्त्रवाले त्याला शिकवतात, पोहत फिरतो म्हणून प्राणिशास्त्रवाले शिकवतात. दोन्हीकडे तो आपलाच मानला जातो आणि दोन्हीकडे त्याची स्लाइड फुटलेली असते.

विभाग सापडला की माणसे ओळखा. विभागप्रमुख आळीपाळीने होतात, त्यामुळे आज तुम्ही ज्यांना चुकवून जिना उतरता ते उद्या तुमच्या अर्जावर सही करणार असतात. गाईडना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणावे, आणि त्यांच्या गाईडचाही उल्लेख आदराने करावा. पण विभाग चालतो तो लॅबमधल्या मामांवर. किल्ल्या मामांकडे असतात. ऑटोक्लेव्ह 121 अंशांवर पोचला की नाही हे मामा काट्याकडे न बघता आवाजावरून सांगतात, कारण काटा बरेच दिवस एकाच जागी आहे. सेंट्रिफ्यूजचे झाकण कोणत्या बाजूने दाबले की लागते, पाणी किती वाजता जाते, कोणत्या कपाटात मागच्या सरांनी जर्मनीहून आणलेली भिंगे आहेत, ही माहिती कुठल्याही पुस्तकात नाही. मामांच्या मुलीच्या लग्नाला जावे.

दुसरी ओळख डेड स्टॉक रजिस्टरची. नवागताला वाटते की संग्रहालयातल्या फॉर्मालिनच्या बरण्यांतले प्राणी म्हणजे डेड स्टॉक. तसे नाही. बरणीतला साप कधीकाळी जिवंत होता. डेड स्टॉकमधला सूक्ष्मदर्शक कधीच चालत नव्हता असे जाणकार सांगतात. तो टाकता येत नाही, कारण तो नोंदीत आहे. वापरता येत नाही, कारण तो बिघडलेला आहे. दुरुस्त करता येत नाही, कारण ती कंपनी बंद पडली आहे. दरवर्षी पडताळणीच्या वेळी तो आहे याची खातरजमा होते, आणि त्या एका दिवशी त्याच्यावरची धूळ पुसली जाते.

बेडूक शोधू नका. यूजीसीने प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला 2011 मध्ये सांगितले आणि 2014 मध्ये ते बंदच केले. आता बेडूक संगणकात उघडतात. त्यात सगळे अवयव जागच्या जागी, वेगवेगळ्या रंगांत आणि नावांसकट सापडतात. खऱ्या बेडकात असे कधी होत नसे, हे जुन्या पिढीतले शिक्षक हळहळत सांगतात.

विषयाची निवड

विषय कुतूहलावरून निवडू नये. कुतूहल दर महिन्याला बदलते; नोंदणी झालेले शीर्षक बदलायला समितीची बैठक लागते आणि बैठकीला कोरम लागतो. विषय कपाटावरून निवडावा. कपाट उघडा, कोणती रसायने मुदतीच्या आत आहेत ते पाहा. मेथॅनॉल, इथेनॉल, अगर, आणि बाजूला ई. कोलायची एक जुनी प्लेट असेल, तर तुमचा विषय ठरला: अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काचा जीवाणूंवरील परिणाम.

या विषयाचे सौंदर्य नवागताने समजून घेतले पाहिजे. पाने वाळवायची, दळायची, द्रावकात भिजवायची. अगरच्या प्लेटमध्ये एक छोटे भोक पाडायचे, त्यात अर्क सोडायचा, दुसऱ्या दिवशी भोकाभोवती जीवाणू न वाढलेला वर्तुळाकार पट्टा दिसतो, तो मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचा. आता पाच वनस्पती घ्या. प्रत्येकीचे पान, साल, मूळ. पाच द्रावके. चार जीवाणू. झाले तीनशे प्रयोग. यातल्या मूठभरांचा एक निबंध, असे करत गेलात तर निवृत्तीपर्यंत वनस्पती संपत नाहीत. सह्याद्री विस्तीर्ण आहे. एकच पथ्य पाळा. नुसते मेथॅनॉल घातलेली तुलनेची प्लेट शेजारी ठेवू नका. ठेवलीत, तर जीवाणू पानाने मेले की मेथॅनॉलने, असा प्रश्न उभा राहील, आणि तीनशे प्रयोगांना तो एकटा पुरेल.

कपाटात सिल्व्हर नायट्रेटही असेल तर तुमचे नशीब थोर. पानांचा अर्क त्यात ओता. थोड्या वेळाने द्रावण तपकिरी होते. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 420 नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा दिसतो. म्हणजे चांदीचे नॅनोकण तयार झाले, आणि तेही हरित पद्धतीने. ते जीवाणूंवर टाका, जीवाणू मरतात. मरणारच, चांदी जीवाणूंना मारते हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. पण तुमच्या पानाच्या सोबतीने ती प्रथमच मारते आहे, आणि शीर्षकात ‘प्रथमच’ हा शब्द महत्त्वाचा.

निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘हा अर्क भविष्यात औषध म्हणून उपयोगी पडू शकेल’ हे वाक्य लिहा. स्थानिक वर्तमानपत्राच्या वार्ताहराला हाच परिच्छेद द्या. त्यातला ‘भविष्यात’ आणि ‘पडू शकेल’ हा भाग जागेअभावी गळतो, आणि सकाळी शेजारचे काका आपला मधुमेह घेऊन तुमच्या दारात उभे असतात.

खरेदी

रेणवीय जीवशास्त्राकडे ओढा असलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. एन्झाइम मागवण्यासाठी मागणीपत्र, तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, सरकारी जेम पोर्टलवर उपलब्ध नसल्याचा दाखला आणि लेखा विभागाची हरकत या क्रमाने कागद फिरतो. निधी फेब्रुवारीत येतो आणि 31 मार्चला परत जातो. एन्झाइम बर्फाच्या डब्यात नेमके सलग सुटीच्या पहिल्या दिवशी येते. उणे वीस अंशांत ठेवायचे असते. ते सुरक्षारक्षकाच्या टेबलावर चार दिवस राहते.

डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआरमध्ये आपण जे टॅक नावाचे एन्झाइम वापरतो, त्याच्या नशिबी हे यावे याची मौज वाटते, कारण ते उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या तापमानालाही डगमगत नाही. ज्या जीवाणूचे ते आहे, तो अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडला. शोधणारे होते इंडियाना विद्यापीठातले थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ. फ्रीझ तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता. त्यांचा निबंध 1969 चा. पुढे 1976 मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात अ‍ॅलिस चिएन आणि सहकाऱ्यांनी त्यातून हे एन्झाइम शुद्ध करून वेगळे केले. कॅरी मलिसला पीसीआर सुचला 1983 मध्ये, त्याला नोबेल मिळाले 1993 मध्ये, आणि कोविडच्या काळात नाकात काडी घालून घेतलेल्या असंख्य माणसांचा या कल्पनेशी संबंध आला.

आता विचार करा. 1969 मध्ये प्रकल्पाच्या अर्जात ‘समाजाला होणारा उपयोग’ हा रकाना असता, तर त्या दोघांनी काय लिहिले असते? ‘गरम पाण्यात काय राहते ते बघायचे आहे.’ असा अर्ज छाननीतच बाद होतो, आणि व्हायलाच हवा. तुम्ही तुमच्या अर्जात ‘शेतकऱ्यांना’, ‘ग्रामीण महिलांना’ आणि ‘आत्मनिर्भर’ हे शब्द प्रत्येकी किमान एकदा येतील असे पाहा.

गुण

आता मूळ मुद्द्याकडे. विभागात काम मोजले जात नाही, कामाचे गुण मोजले जातात. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत त्याचा तक्ता आहे, तो पाठ करावा. विज्ञान शाखेत मान्य नियतकालिकातल्या एका निबंधाला 8 गुण. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे त्यात भर. मार्गदर्शनाखाली एक पीएच.डी. झाली की गाईडला 10 गुण. म्हणजे तुम्ही कोण आहात, या सनातन प्रश्नाचे उत्तर शासनाने दिलेले आहे: तुम्ही 10 आहात.

सहलेखकांचा हिशेब तर मन लावून वाचण्यासारखा आहे. निबंधाचे लेखक दोन असतील, तर प्रत्येकाला एकूण गुणांचे 70 टक्के. दोनाहून अधिक असतील, तर मुख्य लेखकाला 70 टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला 30 टक्के. इथे थांबा आणि गणित करा. तिसरा लेखक आल्यावर तिसऱ्याला 30. चौथा आला, चौथ्यालाही 30. अकरावा आला तरी पहिल्याचे 70 तसेच आणि दहाव्याचे 30 जराही कमी झाले नाहीत. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा माणसे वाढली की चमच्याने लहान होत जातो, हा होत नाही. मग विभागातल्या कुणालाही वगळणे हा निव्वळ दुष्टपणा ठरतो. ज्यांनी प्लेट धुतल्या त्यांची नावे मात्र घालू नयेत. त्यांना गुणांची गरज नसते.

निबंध कुठे छापावा हाही प्रश्न सोपा आहे. नावात ‘इंटरनॅशनल’ असलेले नियतकालिक घ्यावे, संपादकाचा पत्ता शक्यतो एखाद्या सदनिकेचा असावा, आणि स्वीकृतीचे पत्र पैसे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी यावे. परिसंस्थेच्या तासाला आपण भक्षक आणि भक्ष्य शिकवतो. इथे भक्ष्य स्वतः शुल्क भरून, पावती घेऊन भक्षकाकडे जाते आणि दोघेही धष्टपुष्ट होतात. निसर्गात असे नाते आढळत नाही. पुण्याच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले की, विद्यापीठांनीच शिफारस करून यूजीसीच्या यादीत घुसवलेल्या नियतकालिकांपैकी त्यांनी तपासलेली 88 टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने यादीतून 4305 नियतकालिके काढून टाकली. 2019 मध्ये केअर नावाची नवी, कडक यादी आली. 2025 च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. आता दर्जा विद्यापीठांनीच ठरवायचा आहे. म्हणजे ज्यांनी पहिली यादी फुगवली होती त्यांच्याच हाती चावी परत आली. मार्गदर्शिकेच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट आहे.

शिस्तभंगाची काही प्रकरणे

नवागतांची मने कोवळी असतात. कुणीतरी त्यांना वाचनालयात जुनी पुस्तके देते आणि त्यांचे नुकसान होते. म्हणून काही वाईट उदाहरणे इथे सविस्तर देतो. ती ओळखून त्यांपासून दूर राहावे.

सर्वांत वाईट उदाहरण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातले. शेरमरहॉर्न इमारत, खोली क्रमांक 613. आकार सोळा फूट बाय तेवीस फूट, त्यात आठ टेबले. खोलीत केळ्यांचा घड टांगलेला आणि सगळीकडे दुधाच्या बाटल्या. बाटल्यांत फळमाश्या, म्हणजे आपल्या घरी पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या जातीच्या. थॉमस हंट मॉर्गन हे तिथले प्राध्यापक. मेंडेलचे नियम आणि गुणसूत्रे यांवर त्यांचा सुरुवातीला फारसा विश्वास नव्हता. म्हणजे प्रकल्पाचे गृहीतकच मुळात चुकलेले. 1910 मध्ये त्यांना लाल डोळ्यांच्या असंख्य माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर दिसला. त्याची संतती वाढवताना असे आढळले की पहिल्या पिढीत पांढरा डोळा गायब होतो आणि नातवंडांत तो परत येतो, तेव्हा फक्त नरांत येतो. डोळ्याच्या रंगाचा घटक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरच बसलेला असला पाहिजे, हा निष्कर्ष मॉर्गनना स्वतःच्या मताविरुद्ध काढावा लागला. संशोधकाने स्वतःच्या मताविरुद्ध निष्कर्ष काढणे ही प्रगती अहवालात फार अडचणीची गोष्ट असते.

त्या खोलीत कॅल्विन ब्रिजेस नावाचा विद्यार्थी बाटल्या धुवायला ठेवला होता. बाटल्या धुणाऱ्याने बाटल्या धुवाव्यात. त्याने बाटलीच्या जाड काचेतून आत पाहिले आणि वेगळ्या लाल छटेचे डोळे असलेली एक माशी हेरली. सेवाशर्तींत हे काम नव्हते. त्याच्यावर कारवाई होण्याऐवजी त्याला संशोधनात घेतले गेले. दुसरा विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट. हा रंगांध होता, आणि खोली डोळ्यांच्या रंगावर काम करत होती. आपल्या समितीने वैद्यकीय तपासणीतच हा गोंधळ थांबवला असता. 1911 मध्ये मॉर्गनांशी बोलताना त्याच्या डोक्यात आले की दोन गुणधर्म एकमेकांपासून किती वेळा सुटे होतात, यावरून गुणसूत्रावर त्यांच्यातले अंतर मोजता येईल. कागद घेऊन तो घरी गेला, गृहपाठ बाजूला सारला आणि रात्रभर बसून जगातला पहिला जनुकीय नकाशा काढला. पदवी परीक्षेच्या अंतर्गत गुणांचे काय झाले, याबद्दल इतिहास मूक आहे.

त्याचा निबंध 1913 मध्ये आला. आता लक्ष देऊन वाचा, कारण या प्रकरणातला खरा गुन्हा हा आहे. निबंधावर लेखक एकच: स्टर्टेव्हंट. खोली मॉर्गनांची, माश्या मॉर्गनांच्या, ज्या गप्पांतून कल्पना सुचली त्या गप्पाही मॉर्गनांशी, आणि नाव विद्यार्थ्याचे. आमच्या तक्त्याप्रमाणे मॉर्गनना या निबंधाचे शून्य गुण. पुढे 1933 मध्ये त्यांना नोबेल मिळाले, तर ते त्या वर्षीच्या समारंभाला गेले नाहीत आणि पुरस्काराच्या रकमेतला वाटा ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंटच्या मुलांनाही दिला. सत्काराला न जाणारा आणि विद्यार्थ्यांचे नाव पुढे करणारा गाईड तुमच्या वाट्याला आला, तर विद्यापीठाच्या तक्रार निवारण कक्षाकडे जावे.

हे अमेरिकेत झाले, आपल्याकडे होणार नाही, अशी समजूत करून घेऊ नका. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात शिप्रा गुहा धोतऱ्याच्या फुलातले परागकोश काढून पोषक द्रव्यावर वाढवत होत्या. धोतरा, जो आपल्याकडे उकिरड्याशेजारी उगवतो आणि महाशिवरात्रीला पिंडीवर जातो. परागकणांची वाढ आणि त्यांतले पेशीविभाजन समजून घ्यावे, एवढाच बेत होता. एके दिवशी परागकोशांतून चिमुकले गर्भ बाहेर आलेले दिसले. परागकणांतून, म्हणजे गुणसूत्रांचा निम्माच संच असलेल्या पेशींतून, अख्खी रोपे उभी राहिली. सतीशचंद्र महेश्वरी यांच्यासह त्यांनी 1964 मध्ये ‘नेचर’मध्ये छोटेसे टिपण दिले आणि दोन वर्षांनी ही रोपे परागकणांचीच असल्याचे दाखवले. निम्म्या संचाचे रोप दुप्पट करून घेतले की एका फटक्यात शुद्ध वाण मिळतो. एरवी त्यासाठी पिढ्यान् पिढ्या स्वपरागण करत बसावे लागते. जगभरच्या भात, गहू आणि सातूच्या पैदासकारांनी ही युक्ती उचलली.

सहामाही अहवालाच्या दृष्टीने मात्र हे अपयशच. ‘प्रस्तावित उद्दिष्ट’ या रकान्यात पेशीविभाजन, ‘साध्य’ या रकान्यात रोपे. समितीतले कुणीतरी शांतपणे विचारते: पण हे तुमच्या सिनॉप्सिसमध्ये नव्हते ना?

क्षेत्राभ्यास

कास पठारावर किंवा कोकणातल्या सड्यांवर फुले ऑगस्ट ते ऑक्टोबरात येतात. विद्यापीठाची गाडी, वनविभागाची परवानगी आणि प्रवासखर्चाची मंजुरी फेब्रुवारीत एकत्र येतात. तेव्हा पठारावर जाऊन वाळलेल्या गवताचे छायाचित्र काढावे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातला एक तरुण अध्यापक ही वाट न पाहता पश्चिम घाटातल्या नद्यानाल्यांत फिरत राहिला आणि त्याला गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर हा वंश फक्त आफ्रिकेत माहीत होता. कोलकात्याच्या संग्रहालयातल्या अ‍ॅनंडेल यांनी त्याचे वर्णन केले. अध्यापकाचे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर, गाव मालवण; पुण्याची आघारकर संशोधन संस्था ज्यांच्या नावाने आहे तेच. 1946 मध्ये त्यांनी ती महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून उभी केली. त्यांनी प्रवासभत्त्याचे बिल कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकले, हे कळले असते तर आज अनेकांचे भले झाले असते.

नवी प्रजाती सापडलीच तर नाव ठेवताना सावध राहा. गाईड, विभागप्रमुख आणि कुलगुरू हे तीन आणि प्रजाती एक, ही परिस्थिती नाजूक असते. वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये लिहिण्याची सक्ती 2012 पासून गेली आहे, तेवढा एक ताप कमी.

दिवे

दर वर्षी एक राष्ट्रीय परिसंवाद भरवावा. सकाळी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, शाल-श्रीफळ, कुंडीतले रोप, प्रास्ताविक, परिचयाचा परिचय, आणि दीड वाजता बीजभाषण. निबंधवाचन जेवणानंतर, प्रत्येकी पाच मिनिटे, तीन समांतर सत्रांत. प्रत्येक सत्रात निबंध वाचणारा, अध्यक्ष आणि प्रमाणपत्राची वाट पाहणारे असतात. 2023 च्या हिवाळी अधिवेशनात संशोधन अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला तेव्हा ‘पीएच.डी. करून काय दिवे लावणार’ असा सवाल आपल्या विधिमंडळात झाला होता. संशोधक विद्यार्थ्यांना तो फार लागला. लागण्याचे कारण नव्हते. पाच वातींची समई, तेल आणि काडेपेटी यांची जबाबदारी प्रत्येक परिसंवादात संशोधक विद्यार्थ्यांकडेच असते. पंखा बंद करायला कोण धावतो, तेही पाहून ठेवा.

विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकबद्दल थोडक्यात. पाहणी पथक येण्याच्या आधी झाडांना नावांच्या पाट्या लागतात, बाटल्यांना लेबले लागतात आणि बंद उपकरणांवर ‘वापर चालू’ अशी नोंदवही ठेवली जाते. नोंदी वेगवेगळ्या शाईने कराव्यात.

प्रबंध

प्रबंध जाड असावा. अडीचशे पानांखाली गेलात तर एक्स्टर्नल परीक्षक काळजीत पडतात. पहिली शंभर पाने पूर्वसंशोधनाचा आढावा, मग सूक्ष्मदर्शक म्हणजे काय, मग मोजपट्टीने मोजलेले मिलिमीटर त्रिमितीय रंगीत आलेखांत. कमला सोहोनी यांचे उदाहरण इथे कुणी देऊ लागले तर विषय बदला. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून त्यांना 1933 मध्ये प्रवेश नाकारला होता, तो त्यांनी सत्याग्रहाच्या तयारीने मिळवला. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचे दाखवून 1939 मध्ये त्यांनी जो प्रबंध दिला तो अवघा चाळीस पानांचा होता. आपल्याकडे चाळीस पाने ऋणनिर्देश आणि प्रमाणपत्रांतच जातात.

व्हायव्याच्या दिवशी एक्स्टर्नलची गाडी, जेवण आणि मानधनाचा फॉर्म या तीन गोष्टी जमल्या की बाकीचे जमते. प्रश्न साधारण एकच येतो: याचा उपयोग काय? उत्तर: भविष्यात औषध म्हणून उपयोगी पडू शकेल.

एवढे सगळे वाचूनही तुमचे लक्ष पिकल्या केळ्यावरच्या माश्यांकडेच जात असेल, तर ही मार्गदर्शिका तुम्हाला उपयोगाची नाही. फळमाशीची नवी पिढी 25 अंशांना दहा-बारा दिवसांत निघते. खाद्याला रवा आणि गूळ लागतो, तो घरून आणा. अगर, यीस्ट आणि बुरशी न येण्यासाठी थोडे प्रोपिऑनिक आम्ल मामांकडे मागा. ते कोटेशन मागत नाहीत. बाटल्या स्वतः धुवा, आणि धुण्याआधी आत बघा. प्रगती अहवालात मात्र यातले काही लिहू नका.